पुरात बुडालेलं रंधा मशीन

मुलांनो,

गेल्या आठवड्यात आपण शिवणयंत्राच्या पोटात डोकावलो होतो. या वेळी एका पत्राला उत्तर द्यायचं आहे. पत्र आलंय महाड औद्योगिक वसाहतीजवळच्या एका गावातून. लिहिणारा मुलगा सातवीत आहे. तो लिहितो :

"बाई, आमच्या पडवीत आजोबांचं जुनं मशीन आहे. रंधा मारणं, कापणं, भोकं पाडणं, सगळं त्या एकातच होतं. २०२१ च्या पुरात ते बुडालं. तेव्हापासून ताडपत्रीखाली आहे. बाबा म्हणतात, भंगारवाला वजनावर पैसे देतोय तर देऊन टाकू. आजोबा काहीच बोलत नाहीत, पण संध्याकाळी तिथेच जाऊन बसतात. ते मशीन पुन्हा चालू होईल का?"

पत्र लहान आहे, पण प्रश्न मोठा आहे. "जुनं ते सोनं" असं म्हणून मोकळं होता येईल. पण सगळंच जुनं सोनं नसतं. जुन्या यंत्रातलं काय राखायचं, काय बदलायचं आणि काय मुळीच ठेवायचं नाही, हे ओळखता आलं तरच त्याचं उत्तर देता येतं. चला, आज तेच पाहू.

एका अंगात पाच कामं

सुताराकडे रंधा, करवत, पटाशी, गिरमिट अशी वेगवेगळी हत्यारं असतात. यंत्रं आली तेव्हा प्रत्येक कामाचं यंत्रही वेगळं आलं. पण छोट्या सुताराला पाच यंत्रं परवडणार कशी, आणि ठेवणार कुठे? म्हणून बहुउपयोगी यंत्र आलं. एक मोटर, एक मोठा लोखंडी सांगाडा. वरच्या टेबलावर फळी सरकवली की रंधा मारला जातो. खालून सरकवली की सगळीकडे सारख्या जाडीची होऊन बाहेर येते. बाजूला गोल करवत असते. दांड्याच्या टोकाला गिरमिट लावलं की भोक किंवा चौकटीची खाच पाडता येते. आपल्याकडे याला बरेच जण नुसतं "रंधा मशीन" म्हणतात.

लाकूडकामाच्या यंत्रांचा इतिहास दोनशे वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथम यांनी १७९३ साली अशा यंत्रांचं पेटंट घेतलं. पुढे पोर्ट्‌समथच्या गोदीत जहाजाच्या शिडांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या बनवायला मार्क ब्रूनेल यांनी यंत्रं आखली आणि हेन्री मॉडस्ले यांनी ती घडवली. ११० कारागिरांचं काम तिथे १० माणसं करू लागली. १८०८ साली तिथे सुमारे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या. ही यंत्रं इतकी टिकाऊ होती की त्यांतली काही विसाव्या शतकातही कामात होती. १९४७ साली हान्स गोल्डश्मिट या जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या माणसाने घरातल्या छोट्या जागेत मावणारं पाच कामांचं एकच यंत्र बाजारात आणलं.

आपल्या महाड-पोलादपूरकडे या यंत्राला कामाची कमी नाही. घरांना सागाच्या, ऐनाच्या, फणसाच्या चौकटी लागतात. औद्योगिक वसाहतीत मुख्यतः रसायनांचे कारखाने आहेत. तिथला माल पिंपांतून आणि पोत्यांतून जातो, आणि तो लाकडी पॅलेटवर ठेवतात. ट्रकवर असं पॅलेट दिसलं तर नीट बघा. परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र आणि "एचटी" अशी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. त्याचा अर्थ, लाकडातली कीड मारण्यासाठी ते आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं आहे.

पाण्याहून गाळ वाईट

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला प्रचंड पाऊस झाला. चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर. म्हणजे सपाट जागेवर साठून राहिला असता, तर दोन फुटांच्या आसपास पाणी! ते सगळं डोंगरावरून खाली आलं. सावित्री आणि गांधारी फुगल्या. महाड शहर बुडालं. खाडीला भरती असली की पुराचं पाणी लवकर ओसरतही नाही. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि कितीतरी माणसं गेली. त्या दुःखापुढे यंत्राची गोष्ट लहानच. पण जगलेल्यांना दुसऱ्या दिवसापासून पोट भरायचं असतं, आणि त्यासाठी हत्यारं लागतात. म्हणून ही गोष्ट अगदीच लहान नाही.

पुरात यंत्राचं नेमकं काय बिघडतं? लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. पण यंत्राचा सांगाडा आणि टेबल ओतीव लोखंडाचं असतं. त्यात २ ते ४ टक्के कार्बन असतो. ते जाडजूड आणि जड असतं, थरथर गिळून टाकतं. त्याच्यावर गंज चढतो तो बहुतेक वरवर. काही वर्षं पडून राहिलं तरी आतलं लोखंड शाबूत असतं. खरा शत्रू गाळ. बारीक गाळ बेअरिंगमध्ये शिरतो, मोटरच्या तारांत बसतो. वाळला की सिमेंटसारखा घट्ट होतो. अशा वेळी "बघू तरी चालतंय का" म्हणून बटण दाबलं, तर बेअरिंगचे छर्रे घासून जातात, मोटर जळते किंवा माणसाला झटका बसतो. म्हणून पहिला नियम : बुडालेलं यंत्र उघडून साफ केल्याशिवाय चालू करायचं नाही. आधी वायरमनकडून त्याची वीज पूर्ण तोडून घ्यायची.

उघडण्याची रीत

चांगला मिस्त्री यंत्र खोलतो तेव्हा त्याची पहिली हत्यारं असतात कागद, पेन्सिल आणि रिकामे डबे. खोलण्याआधी चित्र काढायचं किंवा फोटो घ्यायचा. कोणता भाग कुठे, कोणता वायसर कोणाखाली, हे लिहायचं. एका भागाचे नटबोल्ट एका डब्यात आणि डब्यावर चिठ्ठी. खोलणं सोपं असतं, जोडताना परीक्षा असते.

मग गाळ स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि भाग लगेच कोरडे करायचे. गंजलेले बोल्ट जोर लावून फिरवले तर तुटतात. त्यांना रात्रभर तेल पाजायचं. सुटे भाग रॉकेल किंवा डिझेलमध्ये ब्रशने धुवायचे. जवळ विडी, चूल, ठिणगी काही नको. टेबलावरचा गंज बारीक पॉलिश पेपरला तेल लावून हळूहळू उतरवायचा. ग्राइंडर फिरवून पाच मिनिटांत चकचकीत करायचा मोह होतो, पण त्याने टेबलाला खड्डे पडतात. टेबल सपाट नसेल तर त्यावरून सरकलेली फळी सरळ कशी होणार? टेबल सपाट आहे का ते सरळ पोलादी पट्टी आडवी-तिरपी ठेवून, खालून उजेड येतो का हे बघून कळतं.

साफ टेबलाला शेवटी तेल नाही, मेण चोळायचं. तेलाचे डाग लाकडावर उठतात आणि मग पॉलिश बसत नाही. मेणाने टेबल गुळगुळीत होतं आणि दमट हवा लोखंडापर्यंत पोचत नाही.

मोटर वाइंडिंगवाल्याकडे द्यायची. तो ती उघडून धुतो, मंद उष्णतेने वाळवतो आणि मेगर नावाच्या उपकरणाने तपासतो. तारांवरचं आवरण वीज बाहेर सोडत नाही ना, हे त्यावर कळतं. वाचन निदान १ मेगाओहम तरी हवं. कमी आलं तर पुन्हा वाळवायची, नाहीतर नव्याने वाइंडिंग करायचं.

बेअरिंग मात्र वाचवत बसू नये. नवं घालावं. त्यावर कोरलेल्या आकड्यात एक गंमत असते. समजा ६२०५ असं लिहिलंय. शेवटच्या दोन आकड्यांना, म्हणजे ०५ ला, ५ ने गुणा. आलं २५. म्हणजे त्या बेअरिंगच्या मधल्या भोकाचा व्यास २५ मिलिमीटर! (०४ पासून पुढच्या आकड्यांना हा नियम लागू पडतो.) दुकानात जाताना यंत्र उचलून न्यावं लागत नाही, आकडा नेला की पुरतं. पट्टेही बदलायचे. दोन पट्टे शेजारी शेजारी असतील तर दोन्ही एकदम, कारण एक जुना सैल आणि एक नवा ताठ असला की सगळा भार नव्यावर येतो.

वहीतलं गणित

आता वही घ्या. उदाहरणासाठी मोटर मिनिटाला २८८० फेरे घेते असं धरू. मोटरवरची पुली ५ इंचांची, पात्यांच्या रुळावरची ३ इंचांची. मोठ्या पुलीवरून लहान पुलीवर पट्टा गेला की वेग वाढतो.

२८८० × ५ ÷ ३ = ४८०० फेरे मिनिटाला. म्हणजे सेकंदाला ८०.

रुळाचा व्यास १०० मिलिमीटर असेल, तर परीघ साधारण ३१४ मिलिमीटर. सेकंदाला ८० फेरे म्हणजे पात्याची धार सेकंदाला सुमारे २५ मीटर पळते. ताशी ९० किलोमीटर! महामार्गावर धावणाऱ्या गाडीचा वेग, आणि तो बोटांपासून वीतभर अंतरावर.

रुळावर तीन पाती असतील तर मिनिटाला १४,४०० काप पडतात. फळी मिनिटाला ६ मीटर सरकवली, तर दर कापाला ती अर्ध्या मिलिमीटरहून कमी सरकते. म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. पण तिन्ही पाती सारख्या उंचीवर नसली तर? मग वर आलेलं एकच पातं कापतं आणि फळीवर सव्वा मिलिमीटरच्या लाटा उठतात. हात फिरवला की कळतं. म्हणून पाती जोडीने धार लावतात, वजनाने सारखी ठेवतात, आणि त्यांचे बोल्ट आवळल्यावर पुन्हा एकदा आवळून बघतात. ताशी ९० किलोमीटर वेगाने एखादं पातं सुटलं, तर काय होईल ते सांगायला नको.

काय राखायचं नाही

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फार जुन्या रंधा यंत्रांत पाती चौकोनी गट्टूवर बसवलेली असत. चौकोनी गट्टू फिरताना त्याच्या सपाट बाजू आणि टेबल यांच्यात मोठी फट पडते. हात घसरला तर बोटं त्या फटीत ओढली जातात. अशा यंत्रांनी जगभर कितीतरी कारागिरांची बोटं घेतली. पुढे गोल रूळ आला. त्यात पाती जेमतेम बाहेर डोकावतात, फट लहान राहते. इजा होतेच, पण हात आत खेचला जाण्याचा धोका पुष्कळ कमी झाला. म्हणून कोणाकडे चौकोनी गट्टूचं यंत्र असेल, तर ते हौसेने रंगवून ठेवा, पण त्यावर काम करू नका. गोल रूळ बसवता येत असेल तरच ते चालू करायचं.

पुष्कळ जुन्या यंत्रांवर पात्यांचं झाकण नसतं. कधी ते असतं, पण "कामात आडवं येतं" म्हणून काढून कोपऱ्यात टाकलेलं असतं. सुतारांच्या आळीत विचारा, एखाद्या मिस्त्रींचं बोट अर्धं असतं. ते हसत सांगतात, "मशीनने घेतलं." हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. १९४८ साली आपल्या देशात कारखान्यांचा कायदा झाला, तेव्हाच त्याच्या २१ व्या कलमात यंत्राचे धोक्याचे भाग झाकण्याची सक्ती घातली गेली. यंत्र जुनं असलं म्हणून बोटं जुनी नसतात.

तेव्हा यंत्र दुरुस्त करताना जे पूर्वी नव्हतं तेही बसवायचं. पात्यांवर सरकतं झाकण. करवतीवर झाकण आणि तिच्यामागे कापलेल्या फटीत राहणारी पोलादी जीभ. ही जीभ नसेल तर लाकूड करवतीला आवळतं आणि उसळून माणसाच्या पोटावर येतं. हाताशी लाल बटण. आणि चांगला स्टार्टर. हा का, तर आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते. साध्या खटक्यावर यंत्र असेल, तर वीज गेल्यावर मिस्त्री भुसा झाडायला हात घालतो आणि वीज आली की यंत्र आपोआप फिरू लागतं. स्टार्टर असेल तर वीज परत आली तरी यंत्र बंदच राहतं. हिरवं बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही.

भुशाचंही तसंच. लाकडाच्या बारीक धुळीने कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवलं. नाकाला मास्क हवा. हातमोजे मात्र फिरत्या पात्याजवळ घालायचे नाहीत. मोजा अडकला की हातही आत ओढला जातो. लोंबता सदरा, गळ्यातलं उपरणं, हातातलं कडं यांचंही तेच.

राखणं म्हणजे रोजचं काम

यंत्र एकदा नीट केलं की झालं, असं नसतं. रोज काम संपल्यावर भुसा झाडायचा, कारण भुसा हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि त्याच्याखाली गंज सुरू होतो. आठवड्याला तेल-ग्रीस. महिन्याला पट्टा, बोल्ट, वायर. हे सगळं वीज बंद करून. यंत्राला एक वही बांधून ठेवावी. कधी ग्रीस दिलं, कधी पातं बदललं, कोणत्या आकड्याचं बेअरिंग बसवलं, ते त्यात लिहायचं. म्हाताऱ्या माणसाच्या औषधांची वही असते ना, तशी.

महाडसारख्या ठिकाणी एक वही पुराचीही हवी. मागचं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं, तिथे रंगाने रेघ मारा. मे महिन्यात तयारी करा. यंत्राला जमेल तितका उंच चौथरा. मोटर सहसा चार बोल्टवर असते. पट्टा उतरवून, चार बोल्ट काढून दोघा मोठ्यांनी ती माळ्यावर ठेवली, तर सगळ्यात महागडा आणि सगळ्यात नाजूक भाग वाचतो. पाती आणि गिरमिटं ग्रीस लावून डब्यात. ओतीव सांगाडा बुडाला तरी बुडू दे, तो धुता येतो. मात्र हे काम पाऊस वाढण्याआधीचं. पुराची सूचना आल्यावर यंत्र नाही, माणसं हलवायची.

आता पत्राचं उत्तर. बाळ, भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी जाणत्या मिस्त्रींना बोलावून तीन गोष्टी बघायला सांगा. ओतीव सांगाडा कुठे तडकलाय का? कारण तडकलेलं ओतीव लोखंड सहजी सांधत नाही. पात्यांचा रूळ गोल आणि सरळ आहे का? आणि त्यावर झाकणं, स्टार्टर बसवता येतील का? तिन्ही उत्तरं चांगली आली, तर बेअरिंग, पट्टे, वायरिंग आणि मोटरचा खर्च काढा. मग बाबांशी बोला. भंगारवाला यंत्राचं वजन मोजतो, ते अजून किती वर्षं काम करेल हे मोजत नाही. पण एकही उत्तर वाईट आलं, तर यंत्राला निरोप देण्यातही कमीपणा नाही. कोणाचं बोट जाण्यापेक्षा ते भट्टीत वितळून नव्या लोखंडात गेलेलं बरं. आणि काहीही ठरलं तरी आजोबांना विचारा, हे कसं चालत होतं ते. ते सांगतील तसं लिहून घे. यंत्राच्या वहीचं पहिलं पान तेच.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांना यंत्राची ओळख जरूर करून द्या. चित्र काढणं, डब्यांवर चिठ्ठ्या लावणं, वही लिहिणं, बेअरिंगचे आकडे वाचणं ही कामं त्यांना द्या. पण वीज जोडलेल्या यंत्राजवळ, धारेजवळ आणि रॉकेलजवळ त्यांना येऊ देऊ नका. "आमच्या वेळी आम्ही लहानपणापासून चालवायचो" हे खरं असेल, पण तो अभिमान मुलांच्या बोटांपेक्षा मोठा नाही.

करून पाहा

चार लहान बाटल्या आणि चार नवे, न गंजणारा मुलामा नसलेले साधे खिळे घ्या. पहिल्या बाटलीत कोरडा खिळा आणि घट्ट झाकण. दुसरीत खिळा आणि अर्धं बुडेल इतकं साधं पाणी. तिसरीत तेवढंच पाणी, पण चमचाभर मीठ घालून. चौथ्या खिळ्याला मेण चोळा आणि साध्या पाण्यात ठेवा. रोज एकाच वेळी बघा आणि आठ दिवस वहीत लिहा. कोणता आधी तांबूस झाला? पाण्याच्या वरच्या कडेशी काय दिसलं? मेण लावलेला कुठे आणि का गंजला?

आणि हे कोडं : एका यंत्राच्या बेअरिंगवर ६२०६ लिहिलंय. त्याच्या मधल्या भोकात किती मिलिमीटर व्यासाचा दांडा बसेल? मोटर १४४० फेऱ्यांची, तिच्यावरची पुली ८ इंचांची आणि रुळावरची ३ इंचांची असेल, तर रूळ मिनिटाला किती फेरे घेईल?

उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. पुढच्या आठवड्यात भेटू या आणि घराच्या दाराचं कुलूप उघडून पाहू या.

तुमच्या,
बाई